मर्सेन संख्या: २ चा ६७ वा घात वजा १

२ चा ६७ वा घात करून त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. ती संयुक्त आहे आणि तिला दोनच मूळ अवयव आहेत: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. द्विमान पद्धतीत लिहिली तर ती नुसते ६७ एक ओळीने. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे दरवेळी दुप्पट, ही गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती, तर एकूण दाणे बरोबर इतके झाले असते.

१६४४ मध्ये फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांनी २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना अशी संख्या, म्हणजे २ चा तो घात वजा १, मूळ येते याची यादी दिली. त्यात ६७ होता. यादीत ६७ आणि २५७ चुकून आले होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. तरीही त्या काळात हाताने इतक्या पुढचे पडताळणे कोणालाच शक्य नव्हते, हे विसरू नये. ६७ खरा ठरला असता तर युक्लिडच्या नियमाने या संख्येपासून एक परिपूर्ण संख्याही (स्वतःखेरीज बाकी सर्व विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते ती) मिळाली असती.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी ही संख्या मूळ नाही असे दाखवले, पण अवयव एकही न सांगता. त्यांच्या कसोटीचे पुढे अमेरिकन गणिती लेमर यांनी सुटसुटीत केलेले रूप असे: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि हे ६५ वेळा करा. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. संख्या फुटते हे कळणे आणि ती कुठे फुटते हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या संख्येइतके ते स्वच्छ दाखवणारे उदाहरण माझ्या मते दुसरे नाही. अवयव सापडायला आणखी २७ वर्षे गेली.

फर्माची साधी कसोटी तर इथे फसतेच. ती अशी: संख्या मूळ असेल, तर एखाद्या लहान संख्येचा (पायाचा) तितका घात करून त्या संख्येने भागल्यावर बाकी पायाच उरते. पाया २ घेतला की ही संख्या मूळ असल्यासारखीच वागते, म्हणजे ती छद्ममूळ आहे.

अवयव शोधताना एक नियम हाताशी असतो. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर प्रत्येक मूळ अवयव घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून येतो. २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७ = २३ × ८९; २३ म्हणजे २२ + १ आणि ८९ म्हणजे ८८ + १. ६७ साठी अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त हवा, शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. एवढी चाळणी लावूनही लहान अवयवापर्यंत पोचायला ७ लाख २२ हजारांवर उमेदवार उरतात, कारण तो १३४ ची १४,४५,५८० वी पट अधिक १ आहे.

हे अवयव अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी पाडले. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत ते फळ्याकडे गेले, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला दोन अवयवांचा गुणाकार मांडला, उत्तरे जुळली आणि ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. किती वेळ लागला, या प्रश्नावर ‘तीन वर्षांचे रविवार’ असे त्यांचे उत्तर होते म्हणे. कथेला थोडे पाणी चढले असेल, पण गुणाकार कोणालाही तपासता येतो. शेवटचे तीन-तीन अंक घ्या: ७२१ × २८७ = २,०६,९२७. मोठ्या संख्येच्या शेवटीही ९२७ च आहेत.