कोलोरॅडोत जमीन घेणं वेगळं, पाणी मिळवणं वेगळं

आपल्याकडे शेत घेतलं की खालचं पाणी त्यासोबत आलंच असं आपण धरून चालतो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीनमालकाला तो हक्क आहे. पुढे निर्बंध आले, तरी मनातलं गणित तेच. हेच गणित घेऊन अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण टोकाच्या कॉस्टिया काउंटीत स्वस्तातले पाच एकर घेऊ नका. तिथे जमीन ही एक मालमत्ता आणि पाण्याचा हक्क ही दुसरी. खरेदीखतात दुसरीचा उल्लेख नसेल, तर ती मिळालेली नाही.

फरक कळतो तो बोअर मारायच्या वेळी. 35 एकर किंवा मोठा तुकडा असेल तर सहसा तीन घरांपर्यंतचा वापर, गुराढोरांचं पाणी आणि एक एकरापर्यंत बाग एवढी परवानगी मिळते. त्याहून लहान तुकड्याला बहुतेक ठिकाणी फक्त घराच्या आतला वापर. आंघोळ, स्वयंपाक चालेल. वांग्याच्या वाफ्याला आणि शेळीला तेच पाणी चालणार नाही. आणि या काउंटीत 1970 च्या दशकात पाडलेले प्लॉट बरेचसे पाच-पाच एकरांचे आहेत! स्वतःचं पिकवून खायला निघालेल्या माणसाला ही अट मुळावरच येते.

पावसावर भिस्त ठेवावी, तर तिथल्या खोऱ्याच्या तळाशी पाऊस-बर्फ मिळून वर्षाला दहा इंचांच्या आत. आपल्या माणदेशात याच्या जवळपास दुप्पट पडतो. पन्हाळीचं पाणी धरायलाही मर्यादा: 2016 च्या कायद्याने दर घराला दोन पिंपं, मिळून 110 गॅलन, म्हणजे सुमारे 416 लिटर. त्याआधी बहुतेक घरांना तेवढीही मुभा नव्हती.

मग तिथे हिरवी शेतं दिसतात ती कुणाची? सॅन लुइस गावाच्या पाटाचा हक्क 1852 चा, राज्यातला सर्वांत जुना सलग चालू असलेला. ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी, हा तिथला नियम. पाटाची राखण गावकरीच करतात, आपल्या धुळ्याकडच्या फड पद्धतीसारखी. अशा पाटाचा वाटा असलेली जमीन महाग पडते, पण माझ्या मते शेती करायची तर तीच घ्यावी.

आणीबाणीचा विचार करताना तर जमीन आणि पाणी या दोन्ही गोष्टी मुळीच एक धरू नका. जून 2018 मध्ये फोर्ट गार्लंडजवळ लागलेला वणवा सुमारे 1 लाख 8 हजार एकरांवर पसरला. अशा वेळी वीज गेली तर पंप बंद, रस्ता अडला तर टँकर बंद. म्हणून टाकीत किती दिवसांचं पाणी मावेल, हे घराच्या नकाशाआधी ठरवा.

राज्याच्या जलसंपदा विभागाकडे बोअरच्या परवान्यांची नोंद सर्वांना पाहता येते. आजूबाजूच्या प्लॉटवरची बोअर किती फूट गेली, पाणी किती लागलं आणि परवान्यात वापर कोणता लिहिलाय, हे इसार देण्याआधी बघा.