बैलाची पोटफुगी वेगळी, घोड्याची पोटदुखी वेगळी, आधी ती तेलाची बाटली खाली ठेवा

आपल्याकडं घोडा आजारी पडला की डॉक्टर पोचायच्या आधी अर्धं गाव डॉक्टर होऊन उभं राहतं, आणि सगळ्यांचा इलाज एकच, बैलाचा. गोडंतेल आणा, हिंग कालवा, मान वर धरा, ओता. वरातीची घोडी असो की पुण्या-मुंबईच्या रेसमधून उतरून इकडं आलेली थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची घोडी, बाटली तीच. वर कोणीतरी ठसक्यात सांगणार, "बाप्पा, आमच्या बैलाले असंच केलं होतं, तासाभरात उठून उभा झाला." झाला असेल ना, तो बैल होता.

बैलाचं तुम्हाला मी काय सांगू. ओली लसूणघास नाहीतर बरसीम हाणली, डावी कूस टम्म वर आली, रवंथ बंद, ढेकर बंद. तेलानं आतला फेस मोडतो, गॅस सुटतो, फारच झालं तर डॉक्टर गॅस काढायला डाव्या कुशीत ट्रोकार, म्हणजे नळीची टोकदार सुई, मारतात. पुढं चला.

घोड्याचं खरं घोडं अडतं ते आतल्या रचनेत, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं म्हणून जरा सावकाश वाचा. बैलाचा चारा पुढच्या पोटात आंबतो, शंभर लिटरच्या वर मावेल एवढं ते पोट, डाव्या बाजूला कातडीच्या लगेच आत, आणि तिथून तोंडापर्यंत रस्ता मोकळा, म्हणून तर तो दिवसभर रवंथ करतो नि ढेकर देतो. घोड्यात सगळं उलटं. त्याचं जठर एवढ्या मोठ्या जनावराच्या मानानं फारच लहान, ८ ते १५ लिटर, बस. चारा आंबतो तो पार मागं, लहान आतड्याच्या पलीकडं, सीकम म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी आणि पुढच्या मोठ्या आतड्यात, आणि तिथला गॅस मागूनच बाहेर पडतो. जठराच्या तोंडाशी स्नायूचं कडं इतकं आवळलेलं असतं की घोड्याला उलटी करताच येत नाही, ढेकरही जवळपास नाहीच.

आता हिशोब करा. लहान आतडं कुठं पिरगळलं किंवा अडलं तर आतला रस पुढं सरकत नाही, मागं फिरून जठरात साचतो. जठर आधीच तुडुंब, वर यायला वाट नाही, आणि तुम्ही वरून लिटरभर तेल ओतताय. जठर फाटतं. आणि फाटल्यावर काय होतं माहितीये? इतका वेळ लोळणारा घोडा एकदम शांत होतो, कारण ताण गेला. लोक म्हणतात "पाह्य, उतार पडला", चहा मागवतात, आणि काही तासांत घोडा संपतो. मग म्हणायचं नशीब.

जठर नाही फाटलं तरी मान वर धरून ओतलेलं तेल श्वासनळीत जायची भीती आहेच, पोटदुखी राहिली बाजूला आणि न्यूमोनियानं घोडा जातो. डॉक्टरही तेल देतात, लिक्विड पॅराफिन, मी नाही म्हणत नाही, पण ते नाकातून नळी घालतात, आधी जठरात साचलेलं काढून बघतात आणि मग ठरवतात आत काही घालायचं की नाही.

दुसरा घोळ याच्यातूनच निघतो. बैलात फुगलेलं पोट दिसतं, म्हणून लोक घोड्याचीही कूस बघतात आणि फुगली नाही म्हणजे काही नाही असं ठरवून मोकळे होतात. घोड्याचं सगळ्यात वाईट दुखणं बाहेरून अजिबात न फुगताही असू शकतं. बघायचं ते हे: पुढच्या पायानं जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडं बघतो, वरचा ओठ उचलतो, घाम सुटतो, बसतो उठतो लोळतो, लीद बंद. जबड्याखाली बोट लावून नाडी मोजा, निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, ६० च्या वर गेली आणि उतरेना तर वाट बघू नका. हिरड्या गुलाबी हव्यात, विटकरी किंवा जांभळट दिसल्या तर मामला गंभीर. हे न बघता घोडा शेताच्या बांधावरून तासभर पळवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. सारखा लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, दमलेल्या जनावराला दौडवू नका.

रवंथ, खूर, शेण-लीद हे फरक पोरांनाही माहीत आहेत, सोडा ते.

रेसच्या घोड्याचं एक वेगळं. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी असा त्यांचा सीझन, तिथं ओट, गवत, रोजचा व्यायाम सगळं घड्याळावर. मुंबईचा सीझन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि घोडी इकडं येते ती नेमकी आपल्या ४५ डिग्रीत, आल्या दिवसापासून खुंटीला बांधलेली, समोर कोरडं कुटार, घमेल्यात सरकीची ढेप, आणि पाणी दोनदा बादलीभर. घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर लागतं हो, उन्हाळ्यात आणखी. मोठ्या आतड्याला एक अरुंद वळण आहे, कोरडा चारा तिथंच अडकतो. नवा चारा ७ ते १० दिवसांत थोडा थोडा वाढवत न्या, एकदम बदलू नका. माझं स्पष्ट मत आहे की ज्यानं घोडा पैदा केला, पळवला, कप घेतले, त्यानं तो देताना निदान रोजच्या खुराकाचा कागद तरी सोबत द्यावा, आणि घेणाऱ्यानं तो मागून घ्यावा.

आणि गाई-बैलांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्यासमोर ठेवूच नका, त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाई-बैलाला कोंबडीला चालतं, घोड्याच्या हृदयाला थोडंसंही विष.

तर घोडा लोळायला लागला की समोरचा चारा-दाणा उचला, जागा मोकळी आणि मऊ करा आणि १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला नाहीतर तुमच्या डॉक्टरला फोन लावा. नाडी किती, शेवटची लीद कधी टाकली, दोन दिवसांत खायला काय बदललं, हे तिन्ही तयार ठेवा. दुखण्याचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं मारू नका, दुखणं दबतं आणि डॉक्टरला खरं चित्र दिसत नाही. आणि कोणी आधीच काही पाजलं असेल तर लाजेखातर लपवू नका, फोनवर पहिलं तेच सांगा.