पडद्यामागची परीक्षा आणि ओळखीचं काम

लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेची स्थापना 1768 ची. संस्थापक सदस्यांत अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या दोन चित्रकार होत्या. पण योहान झोफनीनं काही वर्षांतच रंगवलेल्या सदस्यांच्या समूहचित्रात त्यांना शोधावं लागतं. नग्न पुरुष मॉडेलभोवती पुरुष सदस्य जमलेत, आणि या दोघी मात्र भिंतीवरच्या तसबिरींत! नग्न मॉडेलसमोर बायकांनी असणं अशोभनीय समजलं जाई. मानवी देहाचा अभ्यास नसेल तर इतिहास-पुराणातले मोठे, मानाचे विषय हाताळणं अवघड. बंदी एका वर्गापुरती, पण पुढची वाट त्याच वर्गातून जाणारी.

1860 मध्ये लॉरा हरफर्डनं अकॅडमीच्या शाळेत प्रवेशासाठी चित्रं पाठवली, ती पहिल्या नावाऐवजी नुसती आद्याक्षरं घालून. निवड झाली आणि मग कळलं, ही बाई आहे. बायकांना मनाई असल्याचं नियमांत कुठेच नव्हतं. ते सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, इतकंच.

वाद्यवृंदांत ओळख लपवण्याचं हेच काम पडद्यानं साधलं. बोस्टन सिम्फनी या वाद्यवृंदानं 1952 मध्ये उमेदवाराला पडद्याआड वाजवायला लावलं. 1970 नंतर ही पद्धत अमेरिकेत पसरली. बुटांच्या टाचांचा आवाज ओळख फोडू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरला गेला.

तरी मला जास्त बोलकं वाटतं ते 1969 चं न्यूयॉर्कमधलं प्रकरण. अर्ल मॅडिसन आणि आर्थर डेव्हिस या दोन कृष्णवर्णीय वादकांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाविरुद्ध भेदभावाची तक्रार केली. शहराच्या मानवी हक्क आयोगानं पुढच्या वर्षी निकाल दिला: कायम जागांच्या निवडीत भेदभाव सिद्ध होत नाही, पण बदली आणि जादा वादक बोलावताना तो होतो. ही बोलावणी ओळखीपाळखीतून जात. आणि अनुभव, नाव, पुढची शिफारस हे सगळं अशाच सुट्या कामांतून जमतं. बिनपगारी शिकाऊ उमेदवारीचंही तेच. घरून पैसे येत असतील त्यालाच ती परवडते. बाकीचे पडद्यापर्यंत पोचतच नाहीत.

वरच्या खुर्च्यांसाठी तर पडदाही नसतो. तिथे समिती समोर बसवून माणूस निवडते किंवा सदस्य मत देतात. काउफमान-मोझर यांच्यानंतर अकॅडमीची पूर्ण सदस्य होणारी पुढची स्त्री लॉरा नाइट, 1936 मध्ये. पहिली स्त्री अध्यक्ष रेबेका सॉल्टर, 2019 मध्ये. स्थापनेला तेव्हा 251 वर्षं झाली होती.