आधी वजनकाटा, मग खाटा: एसयूव्हीमागे ओढायची कॅरव्हॅन निवडताना

कॅरव्हॅन बघायला गेलेलं कुटुंब आधी आत शिरतं. खाटा किती, ओटा केवढा, संडास कुठं, एवढं पाहून झालं की भावाची बोलणी सुरू. वाचायची असते ती बाहेर ड्रॉबारजवळ, म्हणजे कॅरव्हॅनच्या पुढच्या ओढायच्या दांड्याजवळ, ठोकलेली पत्र्याची पट्टी. तिच्यावर दोन वजनं असतात: रिकाम्या कॅरव्हॅनचं आणि सामानासकट कमाल. विक्रेता पहिलं सांगतो, गाडीला ओढावं लागतं दुसरं.

समजा हे आकडे १,०५० आणि १,३०० किलो आहेत. म्हणजे सामानाला २५० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. पण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी पन्नासेक किलो, घरचं भरलेलं १४.२ किलोचं सिलिंडर टाकीच्या वजनासकट तिसाच्या घरात. कूलर, गाद्या, भांडी, खुर्च्या अजून बाकीच आहेत. सिलिंडर पाच किलोचं घेतलं तर काही वजन वाचतं. पाण्यावर मात्र काटछाट अवघड. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या मुलखात एप्रिल-मे मध्ये ‘मुक्कामी पोहोचून टाकी भरू’ हा हिशेब कच्चा ठरतो. टाकी भरूनच निघणार असं धरा आणि ते वजन निवडीच्या वेळीच मोजा.

आता गाडीची बाजू. आपल्याकडच्या कित्येक एसयूव्हींच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याचा आकडाच नसतो, काहींत ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मग लोक इंटरनेटवर ऑस्ट्रेलियाचा आकडा शोधतात: तिथं स्कॉर्पिओ-एनला ब्रेक असलेला २,५०० किलोंचा ट्रेलर चालतो, फॉर्च्युनरला ३,१०० किलोंचा. हे आकडे त्या देशात विकलेल्या गाडीचे आणि तिथल्या मंजूर हिचचे (गाडीमागच्या जोडणीचे) आहेत. गल्लीतल्या वेल्डरकडून बंपरखाली बसवून घेतलेल्या हुकाला ते लागू होत नाहीत. कंपनीने इथल्या मॉडेलला लेखी आकडा दिला असेल तोच धरायचा. तो नसेल तर कॅरव्हॅनचा विषय तिथंच थांबवावा.

शिवाय हा आकडा म्हणजे आरामात ओढता येणारं वजन नव्हे. युरोपात तो ठरवताना १२ टक्के चढावर, पाच मिनिटांत पाच वेळा, भरल्या ट्रेलरसह गाडी जागेवरून हलवता आली पाहिजे एवढंच पाहतात. ताशी ८० ला मागचा डबा झुलायला लागला तर काय, हा प्रश्न त्या परीक्षेत नसतो. त्यासाठी ब्रिटनमधल्या कॅरव्हॅनवाल्यांचा जुना संकेत आहे: नवख्याने कॅरव्हॅनचं कमाल वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर नेऊ नये. १,९०० किलोंच्या एसयूव्हीला हा हिशेब १,६१५ किलोंवर येतो. आपले घाट, खड्डे आणि मे महिना बघता आम्ही त्याच गाडीला १,३०० च्या वर जाऊ नका असंच सांगू. १,२०० किलोंच्या छोट्या एसयूव्हीमागे कॅरव्हॅन लावण्यापेक्षा तंबू बरा.

एका आसाच्या कॅरव्हॅनमध्ये सामान कुठं ठेवलंय याला ते किती आहे याइतकंच महत्त्व. उलाळ झालेली बैलगाडी आठवा: मागं भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. कॅरव्हॅनचंही तसंच. म्हणून ड्रॉबारच्या टोकाचा भार टो-बॉलवर, म्हणजे हिचच्या पोलादी गोळ्यावर, खाली दाबत राहिला पाहिजे, साधारण कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के. १,३०० किलोंना ६५ ते ९१ किलो. याहून कमी झाला की झुलणं वाढतं, फार जास्त झाला की गाडीचं ढुंगण बसतं.

हे बसणं आकड्यांत पाहू. टो-बॉल मागच्या आसापासून १.१ मीटर मागं आहे आणि दोन आसांमधलं अंतर २.७५ मीटर आहे. बॉलवर ८० किलो ठेवले तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचे ३२ किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर ८० नव्हे, ११२ किलो वाढतात. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर घाटात ओल्या रस्त्यावर निघताना हेच ३२ किलो कमी पडतात आणि चाकं जागेवर फिरतात. टो-बॉल मागच्या आसाच्या जितका जवळ तितकं बरं. मागं लांब शेपूट असलेली गाडी याच कारणाने नको.

झुलण्याचं शास्त्र थोडं खोलात जाऊन पाहावं असंच आहे. ट्रक शेजारून जातो किंवा वळवाआधीचं वारं आडवं येतं, तेव्हा कॅरव्हॅनला बाजूने धक्का बसतो आणि ती टो-बॉलभोवती डावी-उजवीकडे हलते. कमी वेगात हे हेलकावे दोन-तीनदा होऊन विरतात. वेग वाढेल तसा विरायला वेळ लागतो आणि एका ठराविक वेगापुढे ते विरतच नाहीत, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो वेग किती, हे बरंचसं वजन आसापासून किती दूर आहे यावर ठरतं आणि इथं अंतराचा वर्ग लागतो. ३० किलोंची वस्तू आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवली आणि तीच अडीच मीटरवर, मागच्या भिंतीला, ठेवली तर एकूण वजनात काडीचा फरक नाही, पण फिरण्याला तिची जडता पंचवीसपट होते. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, कूलर आसाच्या वर किंवा किंचित पुढं हवेत. मागच्या भिंतीला सायकलींचा स्टँड आणि टोकाला स्वयंपाकघर असलेली मांडणी दिसायला छान, ओढायला वाईट. आणि टाकी अर्धी नको. एक तर भरलेली किंवा रिकामी, कारण अर्ध्या टाकीतलं पाणी हेलकाव्याबरोबर स्वतःही धावतं.

घर्षणाने झुलणं आवरणारे हिच मिळतात. ते चांगलेच आहेत, पण चुकीचं भरलेलं सामान त्यांनी दुरुस्त होत नाही. झुलायला लागलंच तर स्टीअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा. कचकन ब्रेक मारला की मागचा डबा गाडीलाच वळवून टाकतो. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे म्हणून कॅरव्हॅन तितकी पळवायची नसते. ८० वरून १०० वर गेलं तरी हवेचा विरोध दीडपटीवर जातो आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट. डिझेलचा काटा ते लगेच दाखवतो.

ब्रेकबाबत तडजोड नाही. युरोपात ७५० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, तीच मर्यादा आपणही पाळावी. बहुतेक कॅरव्हॅनला ओव्हररन ब्रेक असतात: गाडी थांबायला लागली की मागचा डबा पुढं ढकलतो, ड्रॉबारमधला दांडा आत सरकतो, तो तार ओढतो आणि चाकाचे ब्रेक लागतात. बघताना दांडा हाताने आत दाबून पाहा. सहज, धक्के देत आत गेला तर त्यातला धक्का मुरवणारा डँपर गेलेला आहे. कॅरव्हॅन सुटली तर ब्रेक लावणारी सुरक्षेची तार वेगळी असते, ती गंजलेली नको.

कन्नडचा औट्रम घाट उतरताना याच ब्रेकांची कसोटी लागते. माणसांसह गाडी २,१०० आणि कॅरव्हॅन १,३०० किलो धरली, तर २०० मीटर खाली उतरण्यात सुमारे ६.७ मेगाज्यूल ऊर्जा कुठं तरी जिरवावी लागते. तेवढ्यात तेवीसेक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. इंजिनने ती घेतली नाही तर ती उष्णता ब्रेकमध्ये जाते, लायनर पकड सोडतात, ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून घाटाच्या माथ्यावरच दुसऱ्या गिअरमध्ये या. इंजिनने गाडी रोखली तरी ओव्हररन ब्रेक सतत थोडे लागलेले राहतात, तेव्हा पायथ्याला थांबून कॅरव्हॅनच्या चाकाजवळ हात न्या. लावू मात्र नका.

चढताना त्रास उलटा. रेडिएटर उष्णता फेकतो ती पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असताना हा फरक ७० अंशांचा, मे मधल्या दुपारी हवा ४३ वर गेली की फक्त ५२. म्हणजे इंजिनला सर्वांत जास्त काम असताना रेडिएटरची ताकद चतुर्थांशाने घटलेली. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढंच बसतो आणि स्वतःची गरम हवा त्यावर सोडतो. चढावर एसी बंद करायला सांगतात ते एवढ्यासाठी. गिअरबॉक्स ड्राय क्लच असलेला ड्युअल क्लच (तेलात न बुडणाऱ्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असेल तर घाटातल्या रखडत्या रांगेत तो आधी तापतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक किंवा साधा मॅन्युअल बरा.

मुक्कामाच्या गारव्याचं गणित मराठवाड्यात वेगळंच आहे. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास वीज खातो, आणि १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवर बॅटरीत मुळात १.२ युनिट मावतात. कॉम्प्रेसर सतत चालला तर जेमतेम तास. बाहेरून वीज मिळणार नसेल तर एसी म्हणजे छतावरचं मेलेलं वजन, तेही सगळ्यात उंच जागी. कोरड्या हवेत कूलर दीडशे-दोनशे वॅटवर भागवतो, कारण थंडावा विजेतून नाही, बाष्पीभवनातून येतो. एक लिटर पाणी उडताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता घेतं. अर्थात त्याचा हिशेब पाण्यात चुकवावा लागतो: टनाच्या एसीइतका थंडावा हवा तर तासाला पाचेक लिटर, रात्रभरात चाळीस. आणि पावसाळ्यात कूलर नुसता दमट वारा घालतो. तरी मार्च ते मे आमचं मत कूलरलाच. खिडक्या समोरासमोर उघडणाऱ्या हव्यात, नाहीतर तोही गुदमरतो.

टायर झिजलेले नाहीत म्हणजे चांगले आहेत असं नव्हे. कॅरव्हॅन वर्षातले बहुतेक दिवस उन्हात उभी असते, रबर बसल्या जागी कडक होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी नवी दिसली तरी बदला. त्यापुढे भारांक पाहा. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, १०० म्हणजे ८००. दोन चाकांवर १,३०० किलोंची कॅरव्हॅन ९१ वर बसत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दुपारी वाढलेली दिसते म्हणून सोडू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. कॅरव्हॅनला स्वतःची नोंदणी, नंबर आणि विमा हवा. जुनी घेताना चेसिस नंबर आरसीशी जुळवा.

पैसे देण्याआधी एकदा वजनकाट्यावर जा. साखर कारखान्याच्या गेटवर, जिनिंगवर, मोंढ्यात काटे आहेतच, फक्त ऊस सुरू असताना कारखान्याकडे फिरकू नका, ट्रॉल्यांची रांग संपत नाही. टाकी भरून, सामान आणि माणसं बसवून तीन वजनं घ्या. पहिलं, सगळी जोडी काट्यावर. दुसरं, गाडी पुढं काढून, जोडलेलीच ठेवून, फक्त कॅरव्हॅनची चाकं काट्यावर. तिसरं, कॅरव्हॅन सोडून, ती एकटी. तिसऱ्यातून दुसरं वजा केलं की बॉलवरचा भार मिळतो. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडीवरचा एकूण भार मिळतो, तो पुस्तिकेतल्या कमाल वजनाच्या आत हवा. काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने मोजतो, म्हणून बॉलवरचा भार घरच्या वजनाच्या यंत्रावर पुन्हा घ्या: सपाट जागी, चाकांना दगड लावून, टो-बॉलच्याच उंचीचा लाकडी ठोकळा ड्रॉबारच्या टोकाखाली उभा करून. ठोकळा आखूड पडला तर ड्रॉबार झुकतो आणि आकडा चुकतो. भार ६५ च्या खाली आला तर सामान आसाच्या पुढं सरकवा, ९१ च्या वर गेला तर मागं, पण आसापलीकडे फार नको.