वाटीखालचं दुखणं: ऑपरेशन आधी आलं, कारण नंतर कळलं

मुंबईत खेळाडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं की सगळ्यांना लिगामेंटच आठवतं. २०२३च्या जानेवारीत ऋषभ पंतला अपघातानंतर इथे आणून त्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा लोकलच्या डब्यात जो तो हाडांचा डॉक्टर झाला होता. नागपाड्याच्या बास्केटबॉलवाल्यांत किंवा लालबाग-परळच्या कबड्डी संघांत मात्र आणखी एक दुखणं मुक्कामाला असतं. त्याची बातमी होत नाही. पडणं नाही, ‘कट्’ असा आवाज नाही, बहुधा सूजही नाही. पाय सरळ सोडायला सांगून वाटीच्या खालच्या टोकाला अंगठा दाबला की पोरगं कळवळतं, एवढंच. सुरुवातीला वॉर्म-अप झाला की ते पळतं, म्हणून महिनोन् महिने कुणी मनावर घेत नाही.

वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारा जाड पट्टा म्हणजे पटेलर टेंडन. उडी मारताना, आणि उडीवरून खाली येऊन थांबताना तर फारच, मांडीच्या स्नायूंचा सगळा जोर या पट्ट्यावरून जातो. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंची २००५ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी ३२ टक्के जण त्या घडीला या दुखण्याने बेजार होते. सायकलपटूंमध्ये एकही नव्हता.

या दुखण्याला ‘जंपर्स नी’ (उडी मारणाऱ्याचा गुडघा) हे नाव रुळलं ते १९७३ साली अमेरिकेतल्या मार्टिन ब्लाझिना आणि सहकाऱ्यांच्या लेखामुळे. त्यांनी पायऱ्याही पाडल्या: आधी फक्त खेळून झाल्यावर दुखतं, मग खेळतानाही दुखतं, शेवटी खेळच उतरतो. या शेवटच्या पायरीवरच्यांना ऑपरेशनच्या टेबलावर घेण्याची रीत पुढे रुळली. वाटीखाली चीर द्यायची, टेंडन उभं उघडायचं, आतला खराब, करडा पडलेला भाग कापून काढायचा. काही सर्जन वाटीच्या टोकाला बारीक छिद्रंही पाडत, तिथून रक्त येऊन जखम भरावी म्हणून.

खराब भाग काढला की दुखणं जाणार, हे ऐकायला पटतं. पण तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेला तेव्हा घोटाळा झाला. ज्याला सगळे दाह म्हणत होते त्या दाहाच्या पेशी तिथे जवळपास नव्हत्याच. होते ते विस्कटलेले तंतू आणि नको तिथे उगवलेल्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणजे टेंडन सुजलेलं नव्हतं, झिजलेलं आणि अर्धवट दुरुस्त झालेलं होतं. दाहावरच्या गोळ्या आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं यांचा पाया इथेच डळमळला. स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटतं, पण टेंडन कमकुवत होण्याची भीती असते. तरी निवड चाचणी तोंडावर आली की ‘एक इंजेक्शन मारा, डॉक्टर’ ही विनवणी काही थांबलेली नाही.

ऑपरेशनच्या यशाची तपासणी त्याहून उशिरा झाली. २००० साली तोवरच्या २३ शोधनिबंधांचा आढावा निघाला. यशाचे दावे ४६ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत पसरलेले होते, आणि ज्या अभ्यासाची पद्धत ढिसाळ, त्याचा निकाल जास्त गोड! खरी परीक्षा २००६ची. नॉर्वेत रोआल्ड बाहर आणि सहकाऱ्यांनी ४० गुडघे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे-निम्मे वाटले: २० गुडघ्यांवर ऑपरेशन, २० गुडघ्यांना १२ आठवडे व्यायाम. वर्षाने दोन्ही गटांत सारखीच सुधारणा. व्यायामवाल्या २० पैकी पाच गुडघ्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, हेही खरं. पण उरलेल्या पंधरांची चीर वाचली.

तो व्यायाम म्हणजे बैठकच. २५ अंशांच्या उताराची लाकडी फळी, त्यावर टाचा वर आणि बोटं खाली अशी उभं राहण्याची पद्धत. दुखऱ्या एका पायावर सावकाश खाली जायचं, वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवायचं. आखाड्यातले वस्ताद म्हणतील, यात नवीन ते काय? नवीन आहे तो संथपणा, आणि थोडं दुखलं तरी चालू ठेवण्याची मुभा. माझ्या मते ऑपरेशनच्या यशातही मोठा वाटा त्यानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीचा आणि हळूहळू वाढवलेल्या व्यायामाचा असावा. टाके पडले की खेळाडूही ऐकतो आणि कोचही.

दरम्यान तंत्र बदललं. आता बहुतेकदा दुर्बिणीतून काम होतं. स्वीडनमधल्या सर्जननी तर टेंडनला हातच न लावता त्याच्या मागच्या बाजूच्या नव्या रक्तवाहिन्या आणि नसा खरवडायला सुरुवात केली, कारण दुखरी जागा तिथे आहे असा त्यांचा कयास. चीर लहान झाली, खेळाडू मैदानावर लवकर परतू लागले.

आज साधारण सहा महिने नेटाने व्यायाम करूनही फरक नसेल, किंवा टेंडन अंशतः फाटलेलं असेल, तरच सर्जनकडे विषय जातो. ‘नेटाने’ या शब्दावरच बहुतेकांचं घोडं अडतं: फळीवर तीन आठवडे काढायचे आणि चौथ्या आठवड्यात स्थानिक स्पर्धेत चढाईला उतरायचं. अशा गुडघ्याला ‘व्यायामाने गुण आला नाही’ म्हणून ऑपरेशनच्या यादीत घालण्याआधी चांगला सर्जन त्याला पुन्हा फिजिओकडे धाडतो.