पावणेनऊशे किलोची गाडी, त्रेसष्ट ग्रॅममध्ये

जॅग्वारची डी-टाइप ही १९५४ साली रेसमध्ये उतरलेली गाडी लांबीला साधारण ३.९ मीटर आणि वजनाला पावणेनऊशे किलोच्या आसपास. तिचं १:२४ प्रमाणातलं मॉडेल करायचं म्हटलं की लांबी येते १६ सेंटिमीटरच्या थोडी वर. वजनाला मात्र २४ नं भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही २४ पटींनी कमी झाल्या की घनफळ १३,८२४ पटींनी कमी होतं. त्या हिशोबानं वजन उरतं फक्त ६३ ग्रॅम. आकार बदलला की क्षेत्रफळ आणि वजन एकाच प्रमाणात बदलत नाहीत, हे गॅलिलिओनं १६३८ साली हाडांची चित्रं काढून समजावलं होतं. मॉडेल करणाऱ्याला ते दर रविवारी नव्यानं समजतं.

कारण त्याचं निम्मं डोकं याच हिशोबात जातं: काय २४ नं भागलं जातं आणि काय भागून घेत नाही. पत्र्याची जाडी, रंगाचा थर, हवा, नागपूरचं ऊन, यातलं काहीच आपल्या सोयीनं लहान होत नाही. मग ते लहान झाल्याचा देखावा उभा करावा लागतो, आणि खरी कारागिरी त्या देखाव्यात असते.

आता २४ च का? फूट-इंचांच्या जगात एका फुटाला अर्धा इंच धरला की १:२४ येतं, एक इंच धरला की १:१२. बाजारातल्या छोट्या धातूच्या गाड्यांचं १:४३ हे विचित्र वाटणारं प्रमाण खेळण्यातल्या रेल्वेकडून आलं. ओ गेजच्या गाड्यांसाठी फुटाला ७ मिलिमीटर धरत, त्याचा भागाकार ४३.५ होतो. जाता जाता एक गंमत: आपल्या नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात नॅरोगेजची इंजिनं आहेत, त्यांच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. १:२४ मध्ये ते पावणेबत्तीस मिलिमीटर होतं आणि ओ गेजचे ३२ मिलिमीटरचे तयार रूळ त्याला जवळपास नेमके बसतात.

डी-टाइपच निवडावी असं मला वाटतं, कारण या गाडीचा आकार कुणी नुसता सुंदर दिसावा म्हणून काढलेला नाही. माल्कम सेयर हा तिचा आकार ठरवणारा माणूस ब्रिस्टल या विमान कंपनीतून जॅग्वारमध्ये आलेला. लॉगॅरिदमची कोष्टकं घेऊन तो वक्ररेषांची आकडेमोड करायचा. गाडीचा मधला भाग विमानाच्या धडासारखा, लंबवर्तुळाकार छेदाचा, पत्रे रिव्हेटनं जोडून केलेला. वेगळी चासी नाही, ताण तो पत्राच सोसतो. नाक आणखी खाली यावं म्हणून सहा सिलिंडरचं उभं इंजिन साडेआठ अंशांनी कलतं बसवलं आणि त्याच्या पोटाखालची तेलाची टाकी काढून तेल दुसरीकडे साठवलं. फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही गाडी १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं जिंकली. ५५ च्या विजयाला आनंदाचा रंग नव्हता. त्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं गेली.

ड्रायव्हरच्या डोक्यामागे उभा असलेला पंख हे या गाडीचं ओळखचिन्ह. ल मांच्या सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर ताशी २७० किलोमीटरच्या पुढे जाताना बाजूनं वाऱ्याचा झोत आला की गुळगुळीत, हलकी गाडी तिरकी व्हायला बघते. वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असला तर झोत तिला आणखी तिरकी करतो, मागे असला तर सरळ करतो. पंख तो बिंदू मागे ओढतो. बाणाच्या शेपटीला पिसं लावतात तीही याचसाठी.

मॉडेलवर मात्र हा पंख नुसता दागिना. हवेची चिकटण्याची वृत्ती गाडीबरोबर लहान होत नाही. छोट्या मॉडेलभोवती हवा खऱ्यासारखी वाहायला हवी असेल तर वेग २४ पट लागतो, म्हणजे ताशी साडेसहा हजार किलोमीटर, ध्वनीच्या पाचपटीहून जास्त. तिथे हवा पुन्हा भलतंच वागायला लागते. वारा सोडून गाड्या तपासतात त्या विंड टनेलमध्ये मोठी मॉडेलं का वापरतात, ते यावरून कळावं.

आता टेबलावर येऊ. अशा गाड्यांचा पत्रा साधारण एक-सव्वा मिलिमीटरचा. २४ नं भागला की ०.०५ मिलिमीटर. मॉडेलचे सुटे भाग ज्यात मिळतात त्या किटमधलं पॉलिस्टायरिन प्लास्टिक तेवढ्याच, एक-सव्वा मिलिमीटर जाडीचं असतं, म्हणजे मोठ्या मापात एक इंच जाडीची भिंत! चाकाच्या कमानीची कड बघितली की ही चोरी लगेच पकडली जाते. उपाय असा की कड आतून तिरकी घासायची. बाहेरून पातळ धार दिसते, आत जाडी तशीच राहते. इतवारीत सराफांची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत बारीक कानशी, चिमटे आणि केसाएवढी ड्रिलं मिळतात, ती या कामाला महागड्या हॉबी टूल्सपेक्षा कुठेही कमी पडत नाहीत. आणि खरोखर पातळ पत्रा हवा असेल तर सावजीच्या पार्सलचा अॅल्युमिनियमचा डबा धुऊन ठेवा. त्याची जाडी हवी तेवढ्याच्या अगदी जवळपास असते. कॉकपिटच्या आतले पत्रे त्यातून कापले आणि मागून बोथट सुईनं टोचत गेलं की रिव्हेटची ओळ उमटते.

किती बारकावे करायचे? इथे डोळाच हद्द आखून देतो. सामान्य नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ३० सेंटिमीटरवरून हे अंतर ०.०९ मिलिमीटर होतं, खऱ्या गाडीवर सुमारे २ मिलिमीटर. पाच-सहा मिलिमीटरची रिव्हेटची डोकी दिसतील, ती करायलाच हवीत. मीटरच्या डायलवरची अक्षरं वाचता येणार नाहीत, तिथे पांढुरका ठिपका पुरतो. भिंग लावून अक्षरं काढणारे आहेत. त्यांना माझा नमस्कार.

सगळ्यात जास्त झुंजावं लागतं ते रंगाशी. खऱ्या गाडीवर रंगाचा सगळा थर मिळून साधारण १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मॉडेलवर तो ४ मायक्रॉन असायला हवा, आणि तसा रंग कुणाच्याच हातून बसत नाही. प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर मिळून ५० मायक्रॉनमध्ये आटोपलं तर हात चांगला म्हणायचा. दरवाजाभोवतीची फट खऱ्या गाडीवर साडेतीन मिलिमीटर धरली तर इथे १५० मायक्रॉन. दोन्ही कडांवर पन्नास-पन्नासचा थर चढला की उरली पन्नास, म्हणजे फट बुजल्यातच जमा. म्हणून रंगाआधीच त्या रेघा सुईसारख्या हत्यारानं खोल आणि किंचित रुंद कोरून घ्यायच्या. आधी चुकीचं माप ठेवायचं, मग रंग ते बरोबर करतो.

ओळखीच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणतो. मॉडेल बघून तो म्हणाला, "भाऊ, एवढुशा गाडीले एवढे कोट काऊन मारता?" त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की एक जाड कोट मारला तर पृष्ठताणामुळे रंग कडांवरून मागे सरकतो आणि खाचांत जाऊन साचतो. पातळ कोट जिथल्या तिथे सुकतो. शेवटी पाण्यात घासायचं, मग रबिंग कंपाउंड. ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनपेक्षा बारीक झाले की डोळ्याला ते दिसतच नाहीत. उरते फक्त चकाकी, आणि तिच्यात ट्यूबलाइट सरळ दिसली पाहिजे.

नागपुरात या सगळ्याला ऋतूंचा फाटा फुटतो. रंग फवारणाऱ्या एअरब्रशच्या ०.३ मिलिमीटरच्या तोंडातून निघालेला थेंब मायक्रॉनमध्ये मोजावा इतका बारीक. थेंब जितका लहान, तितकं त्याच्या आकारमानाच्या मानानं पृष्ठफळ जास्त, आणि तितका तो लवकर सुकतो. मेअखेरीच्या नवतप्यातल्या दुपारी, ४४-४५ अंशांच्या कोरड्या हवेत, पंधरा सेंटिमीटरचा प्रवास करेपर्यंत त्यातला थिनर उडून गेलेला असतो. बॉडीवर पडते ती रंगाची भुकटी, हात फिरवला तर खरखरीत. सावकाश उडणारा थिनर मिसळणं, ब्रश जवळ धरणं आणि पहाटे उठणं, हे तीन उपाय. तिसरा सर्वांत खात्रीचा.

मग कूलर लावून का नाही मारायचा रंग? इथेच गोम आहे. लॅकरमधला, म्हणजे झटपट सुकणाऱ्या रंगातला, थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, वाळ्याच्या ताटीतून पाणी उडताना हवा गार होते अगदी त्याच न्यायानं. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेला की हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. मे महिन्यातल्या ४३ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू असतो ११ अंशांच्या आसपास, तिथवर पृष्ठभाग गार होण्याची भीती नाही. ऑगस्टमधल्या २७ अंशांच्या, ८८ टक्क्यांच्या हवेत तो २५ वर असतो. दोन अंश गार झालं की संपलं. कूलर खोलीत नेमका हा ऑगस्ट आणतो, वर वाळ्याची कुसं आणि रस्त्यावरची धूळही. सुपरग्लूचं मात्र उलटं. तो हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतो, त्यामुळे कोरड्या मे महिन्यात रेंगाळतो आणि कूलरच्या खोलीत झटकन धरतो. थोडक्यात, चिकटवायचं कूलरसमोर, रंगवायचं कूलर बंद करून. आणि थिनर पेट घेणारा असतो, तेव्हा स्वयंपाकघराजवळ हे उद्योग नकोत. मास्कही हवाच.

उन्हाचा दुसरा मार सोसायचा तो सांध्यांनी. प्लास्टिकच्या दोन भागांना लावायचा पातळ सिमेंट खरं तर चिकटवत नाही. तो केशाकर्षणानं फटीत धावतो, दोन्ही कडा विरघळवतो, दोन्हीकडचे लांब रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रावण उडून गेलं की तिथे एकसंध प्लास्टिक उरतं. हा जोड उन्हाळा-हिवाळा बघत नाही. प्रश्न प्लास्टिकवर चिकटवलेल्या धातूचा. डिसेंबरच्या रात्री १० अंश आणि मेमध्ये ४५, असा ३५ अंशांचा फरक धरला तर १६ सेंटिमीटरची पॉलिस्टायरिनची बॉडी सुमारे ०.४ मिलिमीटर वाढते, तेवढीच पितळी पट्टी जेमतेम ०.१. उरलेला ०.३ चा फरक दरवाजाच्या फटीच्या दुप्पट आहे. सुपरग्लू ताठ, वाकणं त्याला माहीत नाही, म्हणून लांब पट्टी उन्हाळ्यात टप्प्याटप्प्यानं सुटत जाते. दोन सेंटिमीटरची पितळी जाळी टिकते. लांब पट्टी लावायचीच असेल तर मधोमध एकाच ठिकाणी पक्की करावी आणि टोकांना लवचीक गोंद लावावा.

राहिली चाकं. खऱ्या गाडीचा टायर जमिनीवर किंचित बसलेला असतो, तिथे वजन बोलतं. मॉडेलमध्ये वजन १३,८२४ पटींनी घटलं आणि टेकण्याची जागा फक्त ५७६ पटींनी, त्यामुळे दाब उरतो चोविसावा भाग. टायर गोलच्या गोल राहतो आणि गाडी जमिनीवर ठेवल्यासारखी न दिसता तरंगल्यासारखी दिसते. खालून टायर नखभर सपाट घासला की तीच गाडी एकदम जड वाटू लागते. अख्ख्या कामात एवढ्या कमी मेहनतीत एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही.

जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर आणखी एक खोडी करतात. त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरिनच्या रिमला विरघळवतं. उष्णतेनं ही गती वाढते, म्हणजे नागपुरात घाई जास्तच. रिमवर टायर चढवण्याआधी अॅल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी गुंडाळली की रसायन अडतं. आणि काचेची पेटी पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नये. ती भिंत मे महिन्यात रात्री दहालाही हाताला गरम लागते.