‘झुडपी जंगल’: एका महसुली नोंदीची पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत वसूल व्हायचा त्या, काळात फार शिरत नाही. तेव्हाच्या कागदांत ‘छोटे झाड का जंगल’ अशी नोंद असायची, आणि त्या जागेवर गावाची गुरं चरायची, सरपण मिळायचं, एवढं पुरे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात आलं, आणि पुढे ‘झुडपी जंगल’ हीच नोंद चालत राहिली.

सगळा घोळ या दोन शब्दांत आहे. नोंद महसूलची, वनखात्याची नव्हे. कागदावर ती मुरमाड, पडीक जागा. गुराख्याला विचारा, तर तेच गावाचं कुरण: पळस, बोर, हिवर आणि मधूनमधून कुसळी गवत. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानं वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी सक्तीची केली. तरी ‘झुडपी’ला वन कोण म्हणतं, म्हणून वाटप चालूच राहिलं, घरं, शाळा, दवाखाने, स्मशानं उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानं सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीन वनच, मालकी कुणाचीही असो, असं ठरवलं. म्हणजे ‘झुडपी’ हे विशेषण हलकं पडलं आणि ‘जंगल’ हे नाम जड झालं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतलं, वनव्यवस्थापनास अयोग्य ठरवलेलं सुमारे ८६ हजार हेक्टर क्षेत्र यात अडकलं.

त्याच न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालानं झुडपी जंगल हे वनच, यावर शिक्कामोर्तब केलं. १९९६ च्या त्या तारखेआधीची वाटपं मात्र रीतसर मंजुरी घेऊन नियमित करायला वाट ठेवली. बातम्या झाल्या त्या घरांच्या आणि इमारतींच्या.

झाडं लावणाऱ्यांनी वाचावा असा भाग पुढे आहे. कुठे रस्त्यासाठी वनजमीन गेली की तिच्या बदल्यात करायच्या लागवडीला (बदली लागवडीला) झुडपी जमीन दाखवणं सोयीचं होतं. मोकळीच तर आहे! १ जुलै २०१६ ला राज्यात एका दिवसात दोन कोटी रोपांचा संकल्प झाला, २०१९ पर्यंत वर्षाचा आकडा ३३ कोटींवर गेला. अशा आकड्यांना जागा लागते, आणि कुरण नेहमीच रिकामं दिसतं. खड्डे पडले, कुंपण आलं की शेळ्या कुठे न्यायच्या, हे त्या आकड्यात येत नाही.

२०२५ च्या त्याच निकालामुळे आता दुसरी बिगर-वनजमीन उपलब्ध नाही असं राज्याच्या मुख्य सचिवानं लिहून दिल्याशिवाय बदली लागवड झुडपीवर करता येत नाही. दिलंच, तर क्षेत्र दुप्पट द्यावं लागतं.